मूल हरवल्यावर माणूस रडला नाही, म्हणजे त्याला काही वाटलं नाही असं धरायचं का?

डोंबिवलीची_सून

नमस्कार. प्रश्न घरातला आहे, पण घरात विचारायची सोय राहिली नाही म्हणून इथे लिहिते.

पाडव्याच्या शोभायात्रेत आमचा सहा वर्षांचा मुलगा फडके रोडवर गर्दीत हरवला. मी पुढे लेझीम पथकात होते, मोबाइल नणंदेच्या पर्समध्ये. नवरा कामासाठी बाहेरगावी. मुलगा सासऱ्यांबरोबर होता. मागून ढोलपथक आलं, लोक बाजूला सरकले, रेटा आला आणि बाबांच्या हातातून त्याचा हात सुटला. पाऊण-एक तासाने तो एका चित्ररथाच्या टेम्पोपाशी सापडला. पथकातल्या एका मुलीने त्याला पाणी दिलं होतं आणि पताका धरायला दिली होती. त्याला काही झालं नाही. देवाची कृपा.

त्या वेळात बाबांनी काय केलं ते नीट सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय. हात सुटला तिथल्या विजेच्या खांबाजवळून ते हलले नाहीत. पट्टा लावलेले दोन स्वयंसेवक दिसले, त्यांना हाक मारून सकाळीच गुढीपुढे काढलेला फोटो दाखवला: मोतिया झब्बा, लाल टोपी, पायात निळे सँडल. एकाला मंडपातल्या ध्वनिक्षेपकाकडे पाठवलं, दुसऱ्याला बंदोबस्ताच्या पोलिसांकडे. मग 112 ला फोन केला. मग नणंदेला. आणि खांबाला टेकून उभे राहिले. आमच्या इमारतीतल्या एक वहिनी यात्रेचा व्हिडिओ घेत होत्या, त्यात बाबा आलेत. हाताची घडी, चेहरा नेहमीचा. बाजूने ढोल चाललेत आणि ते नुसते बघतायत.

तो व्हिडिओ आता इमारतीच्या ग्रुपवर आहे. खाली काय काय लिहिलंय ते सगळं सांगवत नाही. “नातू हरवलाय आणि हे मिरवणूक बघतायत.” “डोळ्यात टिपूस नाही.” एकीने लिहिलं, “सांभाळायला दिलं की असंच होतं, पोटचं ते पोटचं.” नणंदेने तर त्यांना तोंडावर विचारलं, “बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?” बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते त्याला खाली खेळायला नेत नाहीत. स्वतःहूनच बंद केलंय. आणि मुलाने कुठूनतरी ऐकलं असणार, तो मला दोनदा विचारून गेला, “आजोबा मला शोधायला का नाही आले?”

बाबा रेल्वेत गार्ड होते, पस्तीस वर्षं. बोलणं मुळातच कमी. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण तो व्हिडिओ बघताना माझ्याही पोटात कसंतरी होतं, हे खोटं का सांगू. माणूस अशा वेळी कसा दिसतो यावरून त्याच्या मनातलं कळतं का? आणि ग्रुपवर मी काय लिहू?

रेवाची_आई

ताई, मुलगा सुखरूप आहे हे वाचून आधी बरं वाटलं.

रागवू नका, पण मला जे वाटलं ते लिहिते. माझी रेवा एकदा मॉलमध्ये दोन मिनिटं दिसेनाशी झाली होती. मी ओरडत सगळा मजला पालथा घातला, चपला कुठे गेल्या तेही कळलं नाही. मला त्या वेळी उभंच राहता आलं नसतं. म्हणून तुमच्या नणंदेला जे वाटलं ते मला समजतं. बाबा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण आतडं तुटतं तेव्हा ते बाहेर दिसतंच, असं मला वाटतं. आणि बातम्यांत बघा ना, ज्या आईबापांच्या चेहऱ्यावर काही नसतं त्यांच्याच बाबतीत पुढे काहीतरी निघतं.

काचपट्टी

रेवाच्या आई, तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. तुमचं शेवटचं वाक्य मला तसंच सोडवत नाही.

मी सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळेत रक्ताच्या विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या कामात एक खटला सगळ्यांना ठाऊक असतो, निदान असायला हवा. तो खटला रक्ताच्या डागांचा म्हणून शिकवतात. माझ्या मते तो चेहऱ्याचा खटला आहे.

17 ऑगस्ट 1980. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, वाळवंटात, उलुरू नावाचा प्रचंड लाल खडक आहे. तेव्हा त्याला एअर्स रॉक म्हणत. तिथे पायथ्याशी तंबू ठोकून काही कुटुंबं राहिली होती. त्यात मायकेल आणि लिंडी चेंबरलेन, त्यांचे दोन मुलगे आणि नऊ आठवड्यांची अझारिया. मायकेल एका ख्रिस्ती पंथाचे पाद्री. रात्री आठच्या सुमाराला बाळ तंबूत झोपलेलं, मोठी माणसं चुलीपाशी. बाळाचा आवाज आला म्हणून लिंडी तंबूकडे गेली, तर तंबूतून डिंगो बाहेर पडताना दिसला. डिंगो म्हणजे तिथला रानटी कुत्रा. बाळ जागेवर नव्हतं. तिने तिथूनच ओरडून सांगितलं की डिंगोने माझं बाळ नेलं.

आता बघा. तिथे उतरलेल्या एका बाईने बाळाचं रडणं ऐकलं होतं. दुसऱ्या एका बाईने त्याआधी गुरगुरणं ऐकलं होतं. त्या भागात डिंगो माणसांच्या जवळ यायला लागले आहेत, मुलांवर धावून जातायत, याची काळजी तिथल्या मुख्य वनरक्षकाने आधीच वरिष्ठांना कळवली होती. स्थानिक आदिवासी माग काढणाऱ्यांनी वाळूत पाऊलखुणा पाहिल्या. जनावराने ओझं नेलं, मध्येच खाली ठेवलं, तिथे विणलेल्या कापडाचा ठसा उमटला होता. पिढ्यान्‌पिढ्या त्या वाळूवर वाचायला शिकलेली माणसं ती. पहिल्या चौकशीत कोरोनर डेनिस बॅरिट यांनी फेब्रुवारी 1981 मध्ये निकाल दिला की बाळ डिंगोनेच नेलं, आईबापांचा काही दोष नाही. (कोरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, आपल्या मुंबईतही पूर्वी असे.) तो निकाल त्यांनी मुद्दाम टीव्हीवरून जाहीर होऊ दिला, कारण तोवर देशभर कुजबुज इतकी माजली होती की ती थांबवायला हवी असं त्यांना वाटलं.

थांबली नाही. कारण लोकांनी लिंडीला टीव्हीवर पाहिलं होतं. ती रडत नव्हती. प्रश्नांना नीट उत्तरं देत होती. डिंगो कपड्यातून भक्ष्य कसं बाहेर काढतो हे तिने शांतपणे सांगितलं, तर लोक म्हणाले, ही आई आहे की कोण? तिने कपडे कोणते घातले, बाळाला काळा झगा का घातला होता, यावर बोलणं झालं. लिंडी आणि मायकेल यांचा विश्वास होता की देवाने बाळ ठेवून घेतलंय आणि शेवटी भेट होणार आहे. त्या श्रद्धेचा धीर चेहऱ्यावर दिसला, आणि लोकांनी त्याला दगडाचं काळीज म्हटलं.

मग पुन्हा तपास, दुसरी चौकशी आणि 1982 मध्ये डार्विन शहरात खटला. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की आईने गाडीच्या पुढच्या सीटवर बसून बाळाचा गळा कापला. हेतू? सांगितलाच नाही. प्रेत? नाही. हत्यार? नाही. होतं काय, तर गाडीतले डाग. आता हा माझ्या खात्यातला विषय आहे, म्हणून जरा थांबतो.

तान्ह्या बाळाच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन असतं, पहिल्या काही महिन्यांत ते कमी होत जातं. ते सापडलं तर रक्त बाळाचं असं म्हणता येतं. सरकारी प्रयोगशाळेने सांगितलं, गाडीत ते सापडलं. पण ज्या काचपट्ट्यांवर चाचणी झाली त्या खटल्याआधीच टाकून दिलेल्या होत्या, म्हणजे बचावाच्या तज्ज्ञाला बघायला काही उरलंच नव्हतं. प्राथमिक चाचणीला तांब्याचे क्षारही फसवतात, आणि हे कुटुंब राहत होतं माउंट आयझा या तांब्याच्या खाणींच्या गावात. डॅशबोर्डखाली रक्ताची चिळकांडी उडाल्याचा जो डाग दाखवला, तो पुढे निघाला कारखान्यात आवाज कमी करण्यासाठी फवारलेल्या लेपाचा. त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाड्यांतही तो तसाच होता. बाळाच्या कपड्यावर रक्ताळलेल्या हाताचा ठसा आहे असं लंडनहून आलेल्या तज्ज्ञाने सांगितलं, त्यातली बरीचशी लाली तिथल्या मातीची होती.

हे सगळं नंतर कळलं. 29 ऑक्टोबर 1982 ला लिंडीला जन्मठेप झाली, सक्तमजुरीसह. तिला साथ दिल्याबद्दल मायकेललाही दोषी धरलं. लिंडी तेव्हा गरोदर होती. नोव्हेंबरात कैदेतच मुलगी झाली आणि ती तिच्यापासून काढून घेतली. वरच्या कोर्टांत अपिलं हरली. सर्वोच्च पातळीवर 1984 मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी.

लिंडी पहिल्यापासून सांगत होती की बाळाच्या अंगात वरून एक छोटं विणलेलं जाकीट होतं. ते सापडलं नव्हतं, म्हणून ते तिने रचलं असं म्हटलं गेलं. 1986 च्या सुरुवातीला एक इंग्रज प्रवासी त्या खडकावरून पडून मेला. त्याच्या अवशेषांचा शोध घेताना डिंगोंच्या बिळांच्या भागात ते जाकीट मिळालं. काही दिवसांत तिला सोडलं. न्यायमूर्ती मॉरलिंग यांच्या आयोगाने 1987 मध्ये सगळा पुरावा उलगडून ठेवला, 1988 च्या सप्टेंबरात दोघांची शिक्षा रद्द झाली. आणि मृत्यूच्या दाखल्यावर डिंगो हे कारण लागायला 12 जून 2012 उजाडला. बत्तीस वर्षं! कोरोनर एलिझाबेथ मॉरिस यांनी त्या दिवशी कोर्टातच आईबापांचं सांत्वन केलं.

मला या सगळ्यात काय छळतं ते सांगतो. तिथले चाचणी करणारे लोक खोटारडे होते असं मी म्हणणार नाही. पण डाग बघायला बसण्याआधी माणसाच्या डोक्यात “ही बाई रडली नाही” हे बसलेलं असेल, तर लेपाचा थेंब रक्ताचा दिसतो. आम्हाला वरून नमुना येताना सोबत पोलिसांचं पत्र यायचं, त्यात घटनेची हकिगत असायची. मी हाताखालच्या मुलांना सांगायचो, आधी चाचणी, मग पत्र. काहींना ते विचित्र वाटायचं.

ताई, तुमच्या सासऱ्यांच्या व्हिडिओत मला काय दिसतं विचाराल, तर काहीच नाही. हाताची घडी दिसते. हाताची घडी हा कशाचाच पुरावा नव्हे. त्यांनी काय केलं ते तुम्ही लिहिलंय: जागा सोडली नाही, फोटो दाखवला, माणसं दोन दिशांना धाडली, पोलिसांना कळवलं, घरी कळवलं. रेल्वेत गार्डला शिकवतात ते हेच. गाडीला काही झालं की गार्ड आरडाओरडा करत बसत नाही, आधी गाडीचा बचाव आणि कंट्रोलला खबर. पस्तीस वर्षं ज्याने तसंच केलं, तो फडके रोडवर वेगळं कसं वागेल?

रेवाची_आई

काका, वाचून सुन्न झाले. कैदेत बाळंत झालेल्या त्या बाईचं वाचून डोळे भरून आले. चेहऱ्यावर काही नसलं की पुढे काहीतरी निघतं, हे मी लिहिलं होतं ते मागे घेते.

पण एक राहतंच. आई किंवा बाप खरंच खोटं बोलत असतील तर? असंही होतं ना. मग चेहरा बघायचा नाही तर कळणार कसं?

काचपट्टी

होतं. आणि त्याचं उदाहरण ऐकाल तर चेहऱ्यावरचा उरलासुरला विश्वासही जाईल.

अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात युनियन नावाचं गाव आहे. 25 ऑक्टोबर 1994 ला सुझन स्मिथ नावाच्या तरुण आईने पोलिसांना सांगितलं की सिग्नलला गाडी थांबली असताना एका काळ्या माणसाने बंदूक दाखवून गाडी पळवली, मागच्या सीटवर माझी दोन मुलं होती. एक तीन वर्षांचा, एक चौदा महिन्यांचा. नऊ दिवस ती टीव्हीवर मुलांना परत द्या म्हणून विनवत होती. साऱ्या देशाने तिच्यासाठी प्रार्थना केल्या. आणि त्या नऊ दिवसांत पोलिस कुणाला शोधत होते? तिने वर्णन केलेल्या काळ्या माणसाला. त्या भागातल्या काळ्या पुरुषांना संशयाने बघितलं गेलं, ते वेगळंच दुःख.

दहाव्या दिवशी तिने कबुली दिली: मुलांसकट गाडी तिनेच तळ्यात सोडली होती.

ती सापडली कशी? तिचे हुंदके खरे की खोटे यावरून नव्हे. ती म्हणाली होती, मी लाल सिग्नलला थांबले, आसपास दुसरी गाडी नव्हती. पण तिथला सिग्नल असा होता की आडव्या रस्त्यावर गाडी आल्याशिवाय तो लाल होतच नसे. दुसरी गाडी नसेल तर लाल दिवा कशाने लागला? अशा गोष्टी एकेक जुळवत तपास करणारे तिच्यापर्यंत पोचले.

म्हणजे एकीकडे न रडणारी निर्दोष आई तुरुंगात गेली आणि दुसरीकडे गुन्हेगार आईवर देशाने माया केली. तुम्ही विचारता कळणार कसं. हकिगतीवरून. शेवटचं कधी पाहिलं, किती वाजता कळवलं, त्यात किती वेळ गेला, सांगितलेलं जागेशी आणि वेळेशी जुळतं का. आईबापांची चौकशी करूच नये असं मी म्हणत नाही. नीट, कसून व्हायला हवी. पण ती ज्यांचं काम आहे त्यांनी करावी, आणि ग्रुपवरच्या व्हिडिओवरून होणारी ती चौकशीच नव्हे.

फलाट_दोन

काका, तुमचं वाचून मग लिहायला बसले. मी मध्य रेल्वेच्या एका मोठ्या स्टेशनवर हरवलेल्या आणि घर सोडून आलेल्या मुलांसाठीच्या मदतकेंद्रात काम करते. कायद्याचं मला कामापुरतं कळतं, माणसांचं थोडं जास्त पाहिलंय.

मूल सापडलं की पालक येतात. त्यांचं वागणं इतकं वेगवेगळं असतं की आता आम्ही कुणीच त्यावरून काही ठरवत नाही. एक आई आली, मुलीला बघितलं आणि हसायला लागली. हसू थांबेचना, शेवटी खाली बसली. एका बापाने आल्या आल्या मुलाच्या थोबाडीत मारली आणि मग त्याच्या पायाशी बसून त्याच्या चपलेचा बंद लावत बसला, तो बंद तुटलेला होता, तरी लावत होता. एका आजीबाईंनी फॉर्म भरताना मुलाचं नाव, वय, जन्मखूण सगळं घडाघडा सांगितलं, सही केली, चहा घेतला, आणि नातवाला घेऊन दाराबाहेर पडल्या तेव्हा भिंतीला धरून उभ्या राहिल्या. त्या चहा पिताना कुणी फोटो काढला असता तर काय म्हटलं असतं लोकांनी?

ज्या माणसाकडून आम्हाला मदत होते तो बहुतेक वेळा शांत माणूस असतो. कपड्यांचा रंग सांगणारा. पायात काय होतं ते सांगणारा, कारण झब्बा बदलता येतो, टोपी पडते, पण चपला सहसा त्याच राहतात. ताई, तुमच्या सासऱ्यांनी निळे सँडल सांगितले हे वाचून मला त्यांना नमस्कार करावासा वाटला. आणि जागा न सोडणं! लहान मूल घाबरलं की बरेचदा फिरून हात सुटला तिथेच येतं. तिथे ओळखीचं माणूस नसेल तर दुसऱ्यांदा हरवतं. बाकीच्यांनी शोधायचं आणि ज्याच्या हातून सुटलं त्याने तिथेच राहायचं, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. फार थोड्यांना ते जमतं. पाय ओढ घेतात.

एक गोष्ट काकांच्या लिहिण्यात आली नाही, ती घालते. रडण्याबद्दल आपण बोलतोय, पण रडणाऱ्यांचंही सगळ्यांचं ऐकतात असं कुठे आहे? दिल्लीजवळ नोएडात निठारी नावाची वस्ती आहे. 2006 च्या डिसेंबरात तिथल्या एका घरामागच्या नाल्यात मुलांचे सांगाडे मिळाले. त्याआधी कितीतरी महिने तिथले आईबाप पोलिसांच्या दारात जात होते, रडत होते, पाया पडत होते. मजूर माणसं, घरकाम करणाऱ्या बाया. त्यांना सांगितलं गेलं की पोरगी कुणाबरोबर पळाली असेल, पोरगा आपोआप येईल. म्हणजे तिथे अश्रूही चालले नाहीत. चेहऱ्याची परीक्षा घेणारा समोरच्याचे कपडे, भाषा, पत्ताही बघतो. आमच्या केंद्रातही झोपडपट्टीतली आई आली तर कुणीतरी पटकन म्हणतं, “लक्ष कुठे असतं यांचं?” कारमधून आलेल्या आईला तेच कुणी विचारत नाही.

म्हणून इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते. मूल दिसत नाही असं कळल्यावर चोवीस तास थांबा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, असा काही नियम नाही. 10 मे 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि अपहरण किंवा मुलांचा व्यापार असू शकतो हे धरूनच तपास सुरू करायचा. आपल्याकडे पूर्वी भादंवि 363 लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 137. कुठल्याही पोलिस ठाण्यात तक्रार देता येते, हद्द कुणाची यावरून परत पाठवता येत नाही. फोन 112 आणि मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. स्टेशनवर असाल तर आरपीएफ, रेल्वेचा हेल्पलाइन क्रमांक 139. आणि मूल घराबाहेर नेताना त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढा, पायांसकट. तुमच्या सासऱ्यांकडे तो होता.

आता तुमच्या मुलाचं. “आजोबा शोधायला का नाही आले” या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, आजोबांनाच देऊ द्या. पण त्यांना बसवून, समजावून सांगा म्हणून नव्हे, ते बोलणारे नाहीत म्हणता. मुलाला विचारू द्या आणि तुम्ही खोलीत राहू नका. मुलांना साधं उत्तर पुरतं. “तू परत आलास आणि मी तिथे नसतो तर?” एवढं म्हटलं तरी सहा वर्षांच्या मुलाला कळतं. आणि बाहेर नेणं बंद करू देऊ नका. आठवडा गेला की महिना जातो, मग आजोबांचाही हात घट्ट होतो आणि मुलाचाही. हे मी पुष्कळ घरांत बघितलंय.

रेवाची_आई

फलाट ताई, पायांसकट फोटो हे आजपासून. ताई, तुमच्या ग्रुपवर मी असते तर मीही त्या व्हिडिओखाली काहीतरी लिहिलं असतं, म्हणून सांगते: तिथे भांडू नका. बाबांनी काय काय केलं ते क्रमाने लिहा, वेळेसकट. मला तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ते वाचूनही दिसलं नव्हतं, काकांनी परत एका ओळीत मांडलं तेव्हा दिसलं.

डोंबिवलीची_सून

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही. काका, तुमचं लिहिणं मी नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाबांच्या नोकरीत एकदा गाडीखाली माणूस आला होता, तेव्हाही बाबा घरी येऊन जेवले आणि झोपले, आणि मग कितीतरी दिवस रात्रीचे गॅलरीत बसून असायचे. मला हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

ग्रुपवर लिहिलं. जसंच्या तसं इथे देते:

“पाडव्याला आमचा मुलगा हरवला तेव्हा बाबांनी मिनिटाभरात दोन स्वयंसेवकांना त्याचा फोटो दाखवला, ध्वनिक्षेपकावर नाव पुकारायला लावलं, पोलिसांना आणि 112 ला कळवलं आणि मुलगा परत येईल म्हणून जागा सोडली नाही. टेम्पोजवळच्या मुलीने ध्वनिक्षेपकावरचं वर्णन ऐकूनच त्याला ओळखलं. तो सापडला तो बाबांमुळे. ज्यांनी व्हिडिओखाली लिहिलंय त्यांनी ते बाबांना भेटून सांगावं, आम्ही घरीच आहोत.”

शेवटचं वाक्य नवऱ्याने काढ म्हटलं होतं. मी ठेवलं.

व्हिडिओ टाकणाऱ्या वहिनींनी तो तासाभरात काढला आणि संध्याकाळी येऊन बाबांशी बोलून गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवरच माफी मागितली. “पोटचं ते पोटचं” लिहिणाऱ्या बाई अजून गप्प आहेत, लिफ्टमध्ये भेटल्या तर खाली बघतात. त्यांचं मी काही करणार नाही.

मुलाला आजोबांच्या खोलीत पाठवलं आणि मी स्वयंपाकघरात गेले, फलाट ताईंनी सांगितलं तसं. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. बाहेर आला तो सँडल शोधत. दोघं खाली गेले, पण बाबा दहा मिनिटांत परत आले, जमलं नाही म्हणाले. उद्या परत बघू.

नणंदेचं राहिलंय. तिला हा धागा पाठवला आहे, तिने वाचलाय की नाही माहीत नाही. तिने बाबांना तोंडावर विचारलं होतं, त्यामुळे बोलायचं तर तिलाच लागेल, ते मी तिच्या वतीने करू शकत नाही. आज रात्री फोन करणार आहे.